शेवटच्या सायकलीच्या मागे

नीलम्माअक्कांचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी ऐकला तो त्यांचा आवाज, तोही पाठीमागून. "सावकाश चला वहिनी, बागा काय पळून जात न्हाईत." बिदरच्या बागांमधून निघालेल्या कुटुंब सायकल फेरीत मी सगळ्यांच्या शेवटी होते आणि माझ्या मागे पिवळं जाकीट घातलेल्या अक्का. पुढे झेंडीवाला मार्शल, वळणांवर शिट्टीवाले आणि शेवटी अक्का, अशी त्या फेरीची बांधणी असते. शेवटच्या माणसाला ओलांडून पुढे जायचं नाही, हा नियम अक्कांनी स्वतःला घालून घेतला आहे.

अक्कांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. शाळेत त्यांनी मुलींना खेळ शिकवले, निवृत्तीनंतर ही फेरी सुरू केली. त्याबद्दल त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी या गौरव अंकात लिहितीलच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घरचा जमाखर्च तेवढा लिहिणारी बाई. लेख मागितला तेव्हा मी नको म्हटलं होतं, कारण अक्का आठवल्या की माझी लाज त्यांच्याआधी आठवते. पण मागच्या वर्षी मागे काय घडलं, हे पुढे गेलेल्या मंडळींना ठाऊक नाही.

नात श्रेयानं हट्ट धरला होता, "आज्जी, सगळ्यांच्या घरचे येतात, तू पण चल." संयोजकांकडे बुटक्या सायकली भाड्यानं मिळत होत्या. घरात लेकीची सायकल असताना भाडं कशाला, म्हणून मी तीच काढली. तिचं सीट गंजून वरच अडकलेलं. मी सायकल शिकले हुलसूरला, मावशीच्या ओट्यावरून. त्यामुळे ओटा असला की चढता येतं, नसला की नाही. बागेच्या दाराशी कट्टा होता, तिथून चढले आणि शेवटपर्यंत उतरायचं नाही असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या बागेच्या वाटेवर चौकात बसवण्णाचं लहानसं देऊळ लागलं. मार्शलांनी दोन्हीकडची वाहनं थांबवून धरली होती. आमच्या गावात वेशीच्या बसवण्णापुढून कुणी बसून जात नाही. गाडीवानसुद्धा उतरून बैलांबरोबर चालतो. माझे पाय आपोआप खाली आले. हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा फेरी पुढे सरकलेली आणि चौकाच्या मधोमध मी एकटी. चढायला ओटा कुठेच नव्हता.

"ओ मावशी, फोटू काढायलाव का? चला की लवकर!" रिक्षावाला ओरडला.

"देव कुठं जात न्हाई, सांच्याला या!" त्याच्या मागून दुसरा.

लोक हसले, हॉर्न वाजू लागले. मी पेडलवर पाय देऊन उडी मारून पाहिली, तर पदर कॅरिअरला अडकला. पलीकडच्या वळणावर श्रेयाच्या मैत्रिणी तोंडावर हात धरून हसत होत्या. श्रेयानं माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि सायकल पुढे काढली. हॉर्नचं मला काही वाटलं नाही. तिच्या त्या मान फिरवण्यानं मात्र जमीन दुभंगावी असं झालं.

तेवढ्यात मागे स्टँड लावल्याचा आवाज आला. अक्का उतरल्या, चपला काढल्या आणि बसवण्णाला अगदी निवांत नमस्कार केला. मग रिक्षावाल्याकडे वळल्या. "कामून ओरडायलास रे अप्पा? तुझ्या काचेवर बी बसवण्णाच हाय की!" त्यानं जीभ चावली. अक्कांनी माझा पदर सोडवला. "चला वहिनी, चालत जाऊ."

"तुम्ही व्हा पुढं अक्का. मी येते मागनं."

"माझ्या मागनं? मग माझं काम काय ऱ्हायलं?"

आम्ही दोघी सायकली ढकलत निघालो. त्यांनी मला ना उपदेश केला, ना धीर दिला. ज्वारीच्या पापडांचं पीठ किती आंबवायचं ते विचारत राहिल्या. वाटेत एक मार्शल धावत आला. "अक्का, पाहुणे येऊन बसलेत, तुमचा सत्कार हाय! ह्यांना रिक्षात बसवू."

सत्कार आहे हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "बसते मी रिक्षात." अक्का त्याला म्हणाल्या, "ह्या गेल्या की शेवटची मीच. मग मला बी घाल रिक्षात." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "नातीसंगं सायकलीवर निघालाव ना? मग सायकल घेऊनच पोचायचं."

शेवटच्या बागेत पोचलो तेव्हा खुर्च्या रचून झाल्या होत्या. पाहुणे गेले होते. शाल टेबलावर घडीची घडी पडून होती. आमच्या घरी दारी भिक्षेला आलेल्या जंगमालाही पाटावर बसवल्याशिवाय आम्ही जेवत नाही, आणि माझ्यापायी एवढ्या मोठ्या बाईंचा मान रिकाम्या मंडपात पडून राहिला. माझी मान वर होईना.

श्रेया कट्ट्यावर एकटीच बसली होती, डोळे लाल. अक्कांनी तिला हाक मारली. "बाळ, आज्जीला चढायला कट्टा लागतो. तुला ठावं न्हवतं ना? जरा सायकल धर." श्रेया उठली, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. "चढ आज्जी," एवढंच म्हणाली. मी चढले आणि बागेला एक फेरा मारला. श्रेया माझ्या शेजारून, अक्का मागून. फेरा झाल्यावर अक्कांनी शाल स्वतःच उचलून सायकलच्या बास्केटात टाकली आणि म्हणाल्या, "झाला सत्कार."

त्यानंतर एके दिवशी तेलाची बाटली घेऊन त्या आमच्या घरी आल्या आणि मेकॅनिककडून माझं सीट खाली करून घेतलं. यंदाच्या फेरीच्या सूचनांत एक नवी ओळ आहे: देवळाच्या चौकात सर्वांनी उतरून चालायचं. कारण लिहिलेलं नाही. माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. ते कारण मी होते, हे आज मीच लिहीत आहे.

बसवण्णा अक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य देवो, गुडघे असेच चालते ठेवो आणि त्यांचा आवाज आमच्या पाठीमागून येत राहो. यंदा तरी त्यांना शाल पांघरवायची आहे. सर्वांना हात जोडून एवढीच विनंती, की पाहुण्यांना थांबवून ठेवा आणि खुर्च्या उचलू नका. अक्का शेवटी येतात.