तीन नंबरचं वय

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरी आल्यावर जेवायचंसुद्धा जिवावर यायचं, तिथे भुताला घाबरायला अंगात त्राण कुठलं? तरी ही एक गोष्ट... आता सांगून टाकतो. जिच्यापासून लपवायची होती ती राहिली नाही.

साल १९७७. सोलापुरात एका कॉलेजात रविवारी दुपारी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा वर्ग निघाला होता. कॉम्प्युटर मात्र पुण्यात! आम्ही चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, तो एसटीच्या पार्सलनं पुण्याला जायचा. तिथे त्याची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, मशीन ती वाचायचं, आणि आठ-दहा दिवसांनी उत्तराचा कागद कार्डांसकट परत यायचा. एक स्वल्पविराम चुकला की एवढं सगळं वाट पाहणं पाण्यात.

पहिला धडा अगदी बाळबोध. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, असं आमचे सर सांगायचे. कार्डावरचं जन्मसाल एका डब्यात घ्यायचं, ते १९७७ मधून वजा करायचं, आणि नंबर, साल, वय असं ओळीनं छापायचं. नावं छापणं पुढच्या धड्यात होतं, म्हणून मी घरच्या माणसांना नंबर दिले. एक अण्णा — माझे वडील, होटगीला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले. दोन आई. तीन दादा. चार वहिनी. पाच मी.

दादा घरात नव्हता. १९६५ साली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, कामावर जातो म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी करतात आमच्याकडे. ती बारा वर्षं येत्या भाद्रपदात भरत होती आणि अण्णांनी गुरुजींना विचारूनही ठेवलं होतं. वहिनीचा अक्कलकोटचा भाऊ म्हणायचा, विधी झाला की बहिणीला घेऊन जातो. एक चांगलं स्थळही त्यानं बघितलं होतं. वहिनी तेव्हा एकतीस वर्षांची. ती एवढंच म्हणायची, मंगळसूत्र काढणार नाही. रोज तोच वाद, तीच रडारड. खरं सांगतो, मला कंटाळा आला होता त्या सगळ्याचा.

कागद भरताना वहिनी शेजारी बसलेली होती, त्यामुळे तीन नंबर गाळायची माझी हिंमत झाली नाही. जन्मात कधी नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं, पण नंबर घ्यायला तिला कुणाची आडकाठी? रोज विचारायची, "भाऊजी, तीन नंबरचं आलं का वो?" मी एकदा वैतागून म्हटलं, एवढी वजाबाकी बोटांवर होते, त्याला पुणं कशाला?

"तुमचं न्हाई चालायचं," ती म्हणाली. "तुमी घरचेच. मशीनला आपलं काय ठावं? ते मोजंल त्येच खरं."

उत्तर आलं. चार ओळी बरोबर होत्या. तिसरी ओळ अशी — ३, १९४०, २५.

१९७७ मधून १९४० गेले की सदतीस उरतात. सरांना दाखवलं. कार्ड चुकीचं पंच झालं असेल, १९५२ पडलं असेल, असं ते म्हणाले. मग त्यांनीच कार्ड खिडकीशी धरलं — भोकं १९४० चीच होती. शिवाय कागदावरही १९४० छापलेलं होतं. पाचही जणांना वजाबाकीची ओळ तर एकच होती! सरांनी स्वतः वेगळा प्रोग्रॅम लिहिला, तेच कार्ड लावलं आणि पुन्हा पाठवलं. आणखी दहा दिवस. पुन्हा पंचवीस, दादा घरातून गेला तेव्हाचं वय.

सर देवधर्म न मानणारे, आम्हाला त्यावरून चिडवणारे. त्यांनी कागदाची घडी केली, माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "घरी दाखवू नका हे." तिसऱ्यांदा काही त्यांनी पाठवलं नाही.

मी घरी आलो. वहिनी अंगणात ज्वारी निवडत होती. कागद माझ्या खिशात होता. तो अण्णांपुढे ठेवला असता तर त्या दिवशी सगळं मिटलं असतं. तिनं मान वर करून विचारलं, "तीन नंबरचं?"

"सदतीस," मी म्हणालो.

ती हसली. किती वर्षांनी हसली कोण जाणे. सूप तसंच टाकून आत गेली आणि अण्णांना म्हणाली, "मामंजी, मशीननं ह्यास्नी बी मोजलंय. जित्या माणसांत." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. वजाबाकी त्यांनाही येत होती. तरी त्या वर्षी विधी राहिला. मग पुढच्या वर्षीही राहिला. वहिनीचा भाऊ दोनदा येऊन गेला, नंतर यायचा थांबला.

दादा आला नाही. अण्णा गेले, आई गेली. गेल्या वर्षी वहिनी गेली, तिला सवाष्ण म्हणून हिरवी साडी नेसवून नेली. कॉम्प्युटरमधल्या दोन-चार माणसांना मी विचारून पाहिलं, असं होऊच शकत नाही म्हणाले. तो पंचवीसचा आकडा कुठून आला, मला माहीत नाही. एकतीस वर्षांच्या बाईसमोर माझ्या तोंडून सदतीस का निघालं, तेही मला अजून सांगता येत नाही.