शालनचा खांदा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आणि माझं तोंड कसं आहे ते आमच्या घरात विचारा! ह्यांनी मला बघायला आल्यावर चहा बशीत ओतायचा तो स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर कसा ओतला, तेसुद्धा मी नातवंडांना साभिनय सांगितलंय. मग हीच एक गोष्ट एवढी वर्षं घशाखाली का दाबून ठेवली? ह्यांनासुद्धा नाही सांगितली. ते गेले, तरी नाही.

तेव्हाच्या मला मी ‘ती बया’ म्हणते. बया तिशीतली, मॅट्रिक पास, बाटल्यांवरची इंग्रजी लेबलं वाचता येतात म्हणून नाक वर. केसांचा फुगा एवढा मोठा की कंपनीची टोपी डोक्यावर बसायची नाही, नुसती ठेवलेली असायची — देवावर फूल ठेवावं तशी. साहेब दोनदा ओरडले तरी बयेचा फुगा काही उतरेना. हसा, हसा. मीही हसते. पण हे असं ‘ती बया, ती बया’ म्हणत राहिले तर मी सुटेन, आणि मला सुटायचं नाहीये. तेव्हा — मीच ती.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही कासारवाडीला चाळीत राहायचो आणि पिंपरीला इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होते. काम सगळं उभ्याने. बाटल्या धुवा, क्रेट उचला, पट्ट्यावर लावा, परत क्रेट उचला. शिफ्ट सुटेपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे. अख्ख्या खात्यात बसून करायचं काम एकच, तपासणीचं. टेबलावर दिवा, मागे काळा फळा, आणि भरलेली बाटली दिव्यासमोर फिरवून आत कण दिसतो का ते बघायचं. तिथे खुर्ची होती. पाठ टेकायची खुर्ची, हो! तिच्यावर बसणाऱ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्यानंतर ती माझीच, असं मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

शालन माझ्याच खात्यात आणि चाळीतही माझ्याच शेजारच्या खोलीत. लातूरकडची. नवरा भोसरीला लेथवर. दोघं जोरजोरात बोलायची, जोरजोरात हसायची. एका पावसाळ्यात तिला ताप आला. चार दिवसांत तो छातीत उतरला आणि तिला श्वास घेता येईना. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात काचेच्या खोलीत ठेवलं, घशात नळी घालून यंत्रावर. विषाणूचा ताप, औषध असं नाही, जगली तर जगली — असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नळी ओढून काढू नये म्हणून तिचे हात खाटेला बांधलेले होते. मी काचेतून बघून आले आणि तिच्यासाठी सोमवार धरले. हे खरं आहे. ती मरू नये असं मला मनापासून वाटत होतं. कुणी मरू नये असं वाटणं फार सोपं असतं हो! ते माणूस परत आल्यावर आपल्याला काय करावं लागेल ते तेव्हा कुठे माहीत असतं?

ती जगली. चाळीने पेढे वाटले. महिनाभर कौतुक झालं. आणि मग चाळीला वाटलं, आता बास.

पण शालनचं दुखणं बास होईना. खांदे धरलेले. पायांच्या तळव्यांत आग. डावा हात कानाच्या वर जात नसे. दोरीवर कपडा टाकायचा तर स्टुलावर चढून टाकायची. दुसऱ्या दिवशी मात्र तीच बाई कळशी घेऊन येताना दिसायची, तिसऱ्या दिवशी परत उठता यायचं नाही. एक्स-रे काढला — साफ. रक्त तपासलं — ठीक. झालं! कागदावर दुखत नाही म्हणजे अंगात दुखत नाही! हे कोणी ठरवलं? आजही मला त्याचा संताप येतो. मरणाच्या दारातून आलेल्या बाईने म्हणे जन्मभर हसतमुख राहायचं. जगवलं ना तुला? मग गप्प बस. जणू दुखण्याची तक्रार केली तर जगवणाऱ्यांचा अपमानच होतो. तिची सासू हेच म्हणायची, इस्पितळातले डॉक्टर हेच म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात कोण म्हणायचं? मॅट्रिक पास.

तिचा नवरा तिची वेणी घालायचा. सकाळी दार उघडं टाकून, दातांत कंगवा धरून तो लेथवाला माणूस बायकोच्या केसांचे तीन पेड करायचा. नळावर आम्हाला तेवढंच पुरे. “शालनबाई, अंबाडा पण शिकवा हो त्यांना,” मी म्हणायचे, “गौरीला आम्ही सगळ्याच येतो रांगेत!” बायका खिदळायच्या. शालनही हसायची. “या की ताई,” म्हणायची, “पर त्येल तुमचं तुमी आणा.” असं उत्तर दिलं की मला वाटायचं, बघा, दुखत असतं तर हिला विनोद सुचले असते का? काय अक्कल! दुखणाऱ्याने कण्हतच बसलं पाहिजे, नाहीतर खोटा.

मग तपासणीच्या बाई निवृत्त झाल्या आणि कंपनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली — बसून काम द्यावे. खुर्ची शालनला मिळाली.

मी तिचं अभिनंदन केलं. सगळ्यांदेखत. माझे दात दिसतील इतकं गोड हसून.

आता ते सांगते. इतका वेळ इकडचंतिकडचं सांगत बसले, कळतंय मला.

त्या वर्षी गौरीचं हळदीकुंकू माझ्या खोलीत होतं. ओटी, फराळ, आणि मग बाहेर गॅलरीत फुगड्या. शालन भिंतीला टेकून टाळ्या वाजवत बसली होती, हळूहळू, मांडीवरच. मी तिचा हात धरून उठवलं. “नको ताई, आज खांदा लई दुखायलाय.” मी म्हटलं, “गौरीसमोर नको म्हणतात का? एक गिरकी!” बायकांनी गलका केला. ती उठली. आणि हे नीट ऐका, ती खुशीने उठली. तोंड फुलून आलं होतं तिचं. आजारानंतर तिला कुणी खेळायला बोलावलंच नव्हतं.

फुगडी तुम्हाला माहीतच असेल. हात तिढा घालून धरायचे, पावलं जुळवायची, मागे झुकायचं आणि गरगर फिरायचं. एकीचं सगळं वजन दुसरीच्या खांद्यावर. दोन फेऱ्या नीट झाल्या. मग तिचे तळहात ओले झालेले मला कळले. बोटं थरथरायला लागली. तोंड अजून हसत होतं, कारण बायका बघत होत्या. पण डोळे माझ्यावर लागले होते. ती माझ्यापुरतंच बोलली — “ताई, सोडू नका, थांबा. खांदा तुटायलाय.”

मी ऐकलं. माझे कान शाबूत होते. आणि मी वेग वाढवला.

का? तेव्हा मी स्वतःशी म्हटलं असेल, बघू तरी किती नाटक करते. पण तिचे हात माझ्या हातांत होते! नाटक करणाऱ्या बाईच्या बोटांतून ती थरथर येत नाही. सासूला माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, एक्स-रेला तर काहीच माहीत नव्हतं. साऱ्या जगात तिचं दुखणं हाताला कळलेली मी एकटी होते.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मी सुपरवायझरसाहेबांना सहज म्हटलं, “आमच्या शालनबाई फुगडी काय घालतात साहेब, दृष्ट लागेल!” दोन दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चांगले होते बिचारे, बसा म्हणाले. खरंच फुगडी घातली का? घातली. हसत होती? हसत होती. आणि मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, “खेळताना काही दुखतंय वगैरे म्हणाली का तुम्हाला?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढंच. एक शब्द. कुणी धमकी दिली नव्हती, दबाव नव्हता. हो म्हटलं असतं तर मला काहीही झालं नसतं.

शालन परत बाटल्या धुण्याच्या कामाला उभी राहिली, क्रेट उचलायला. दिवाळीपर्यंत कशीबशी टिकली, मग तिनेच काम सोडलं. शेवटच्या दिवशी टोपी जमा करायला ती तपासणीच्या टेबलाजवळून गेली. खुर्चीवर मी होते. ती थांबली. आजूबाजूला चारचौघी होत्या. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “तुमी ऐकलं होतं, ताई.”

मी म्हटलं, “काय गं? कशाबद्दल बोलतेस?”

चारचौघी तिच्याकडे बघायला लागल्या, बिचारी काहीतरीच बोलते, अशा नजरेने. ती उजव्या हाताने डावं कोपर धरून निघून गेली. त्या महिन्याअखेर त्यांनी चाळीतली खोलीही सोडली. कुठे गेली ते मी विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, नंतर ती खुर्ची मला टोचली असेल. नाही टोचली. नोकरी संपेपर्यंत मी तिच्यावर बसले. पाठ टेकून. माझ्या पोटऱ्यांना फार आराम पडला.