फटफटीवाल्यांचा अर्ज

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४. सकाळचे पावणेदहा. परभणीच्या स्टेशनसमोर मी मोटारसायकल उभी केली तेव्हा दुकानाला कुलूप होते. कुलपाच्या वर पुठ्ठा टांगलेला होता: 'दुकान बाजारात हलविले आहे.' अक्षर काकांचे होते.

त्या काळी जिल्ह्यात फटफटीवाले मोजके होते. लोक मोटारसायकलला फटफटीच म्हणत. आम्ही बहुतेक फिरतीचे सरकारी नोकर. मी पेडगावला पशुधन पर्यवेक्षक होतो. आठवड्याचे पाच दिवस खेडोपाडी जनावरांना लस टोचत फिरणे, हे माझे काम. आम्हाला लागणारे सामान, म्हणजे रेक्झिनचे जर्किन, हातमोजे, गॉगल, रेनकोट, मागे लटकवायच्या पिशव्या, परभणीत दोनच दुकानांत मिळे. स्टेशनसमोरच्या दुकानाच्या वृद्ध मालकांना आम्ही काका म्हणत असू. बाजारातल्या दुकानाच्या मालकांना शेठ. काकांची मुलगी त्या उन्हाळ्यात शेठच्या घरात दिली. व्याही झाल्यावर दोन दुकाने कशाला, असा विचार झाला आणि दिवाळीच्या पाडव्याला दोहोंचे मिळून एक दुकान झाले. ते बाजारात राहिले. काका नावापुरते मालक उरले.

दुकाने एक झाली याचे मला काही वाटण्याचे कारण नव्हते. कारण होते ते मिस्त्रींचे.

मिस्त्री काकांच्या दुकानात मागे बसून शिवणकाम करीत. वय चाळीसच्या आसपास. पूर्णेला रेल्वेत रोजंदारीवर असताना डब्यांच्या बैठकांचे रेक्झिन शिवायला ते शिकले होते. जाड कापडाचे शिवणयंत्र त्यांचे स्वतःचे. रोज सकाळच्या गाडीने पूर्णेहून येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. काका आमच्याशी गप्पा मारीत, मिस्त्री काम करीत. शेठच्या दुकानात शिवणारा कोणीच नव्हता. तिथे सगळा माल तयार, हैदराबादहून येणारा.

माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे नाहीत. लस टोचताना जनावर जखडायच्या खोड्यात घातलेल्या एका बैलाने १९७० साली ती चिरडली. त्यानंतर बाजारातले हातमोजे माझ्या कामाचे राहिले नाहीत. मोज्याची रिकामी बोटे क्लचच्या दांडीत अडकत आणि गाडी ऐनवेळी गिअर बदलत नसे. थंडीत उघड्या हाताने गाडी चालवली तर राहिलेली तीन बोटे तासाभरात बधिर होत. मिस्त्रींनी माझा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला आणि तीन बोटांचा मोजा शिवला. तळव्याच्या बाहेरच्या कडेला कातड्याची जाड गादी लावली, म्हणजे मूठ पक्की बसावी. त्या मोज्यावर मी चार हिवाळे काढले. तो आता झिजला होता. त्या सकाळी मी दुसरा शिवायला टाकण्यासाठी आलो होतो.

बाजारातल्या दुकानात गेलो. नव्या पाटीला अजून हार होता. छताला जर्किने प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेली होती. मिस्त्री अगदी मागे, माडीच्या जिन्याखाली, एका खोक्यावर बसले होते. शिवणयंत्र शेजारी पोत्याने झाकलेले.

"जय भीम साहेब," ते म्हणाले. "हात दाखवा."

मी मोजा दिला. त्यांनी तो उलटा करून शिवण पाहिली.

"शिवता येईल?"

"येईल की. पण मशीन चालवू का नको, ते अजून ठरायचंय. शेठ म्हणलेत, संध्याकाळी सांगतो."

"ठेवणार नाहीत?"

"बघू म्हणलेत." त्यांनी मोजा परत माझ्या हातात दिला. "पूर्णेत कोण फटफटीवर हिंडायलाय? तिथं माझ्या मशीनला काम न्हाई. हितंच हाय काय ते."

मी म्हणालो, "आज जिल्हा परिषदेच्या सभेला सगळे फटफटीवाले येणार आहेत. आम्ही शेठना लेखी देतो."

मिस्त्री ताबडतोब म्हणाले, "कागद नका करू साहेब. तोंडानं सांगा. काका बी बोलायलेत त्यांच्याशी."

मी म्हणालो, "तोंडी बोलण्याला किंमत नसते." त्यांनी कागद नको का म्हटले, हे मी विचारले नाही.

दुपारी सभेची सुटी झाल्यावर आम्ही सात जण जिल्हा परिषदेच्या मागच्या आवारात, गाड्या लावतो तिथे, जमलो. सातांपैकी दोघांचेच बोलणे सांगण्यासारखे आहे. एक सोनपेठकडचे ग्रामसेवक. तोंडाचे फटकळ, पण मनुष्य सरळ. दुसरे हिवताप खात्याचे निरीक्षक. आमच्यात वयाने मोठे आणि नियमाने चालणारे.

बातमी ऐकून ग्रामसेवक म्हणाले, "म्हंजे आता सोयऱ्या-सोयऱ्यांत दुकान, अन् आपलं जर्किन फाटलं की आपल्या बायकोनं शिवायचं. माझी तर गोधडीचा टाका घालती. लय ऊबदार हुईल."

"थट्टा पुरे," निरीक्षक म्हणाले. "अर्ज करावा. मात्र मुद्देसूद हवा. नुसती विनंती केली तर कोणी ऐकत नाही. आधार दाखवला पाहिजे."

"मग सायबांनीच ल्ह्यावा," ग्रामसेवक माझ्याकडे बोट करून म्हणाले. "ह्यांनी मेलेल्या म्हशीवर चार पानं लिव्हली होती. म्हैस जिती झाली न्हाई, पण मालकाला वाटलं, झाली."

मी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून मसुदा लिहिला. मला मसुदा लिहिता येत असे आणि त्याचा अभिमानही होता, हे मान्य करतो. पहिल्या कलमात दुकाने एक झाल्याबद्दल अभिनंदन केले. दुसऱ्यात फिरतीच्या कर्मचाऱ्यांना शिवणकाराची गरज का आहे ते मांडले आणि माझ्या हाताचा दाखला दिला. तिसऱ्याबद्दल निरीक्षक म्हणाले, "शिवणकार ठेवल्याने दुकानाचा फायदा काय, ते सिद्ध करा." तेव्हा मी असे लिहिले:

'कलम ३. बाजारातील दुकानातून घेतलेली जर्किने, रेनकोट व हातमोजे एका हंगामात शिवणीला उसवतात, असा अर्जदारांचा अनुभव आहे. सदर कारागीर हे सर्व जिन्नस गेली चार वर्षे दुरुस्त करून देत असून त्यानंतर ते तीन-तीन वर्षे टिकतात. सबब सदर कारागिरास कायम ठेवणे दुकानाच्या लौकिकाच्या दृष्टीनेही हितावह आहे.'

मी मोठ्याने वाचून दाखवले. "सबब," ग्रामसेवक म्हणाले, "ह्या सबबवर तर शेठ गारच हुईल." सातही जणांनी सह्या केल्या. निरीक्षकांनी हुद्दे लिहायला लावले. तिसऱ्या कलमात काय चुकले आहे, हे सातांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. आमच्या कचेऱ्यांत दोष लेखी दाखवला की तो दूर करण्याचा हुकूम निघतो. आम्हाला तेवढेच ठाऊक होते.

चारच्या सुमारास आम्ही दुकानात गेलो. सात फटफट्या एका रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा शेजारचा पानवाला बाहेर येऊन पाहू लागला. शेठ गादीवर, काका त्यांच्या बाजूला लाकडी खुर्चीवर. मिस्त्री मागे तिथेच होते. माझ्या हातात कागद पाहून त्यांनी मान खाली घातली.

"या, या साहेबलोक," शेठ म्हणाले. "सगळे एकदम? मला वाटलं धाड पडली."

"शेठ, जर्किनं जप्त करायला आलाव," ग्रामसेवक म्हणाले. शेठ मोकळेपणाने हसले. त्यांनी चहा सांगितला आणि चष्मा लावून अर्ज वाचायला घेतला. पहिले कलम वाचताना ते काकांकडे पाहून समाधानाने मान हलवत होते. दुसऱ्याला माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, "खरं आहे." तिसरे कलम त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अर्ध्यावर आवाज थांबला. उरलेले मनात वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मिस्त्री," त्यांनी मागे न वळता हाक मारली, "गेली चार वर्षं?"

मिस्त्री उठून उभे राहिले. "हो शेठ."

"माझ्या दुकानचा माल? उसवून पाहायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा?"

"दाखवला न्हाई शेठ. शिवला."

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

काका रस्त्याकडे पाहत होते. त्यांना ठाऊक होते. चार वर्षे ते आम्हाला स्वतः सांगत, 'त्याच्याकडचं आहे ना, आणा, आमचा मिस्त्री नीट करील.' ते म्हणाले, "एवढं काही लक्ष नव्हतं माझं."

मी मध्ये बोललो. "शेठ, अर्जाचा हेतू तसा नाही. तुमच्या मालाला दोष देणे..."

"दोष दिलाच आहे की साहेब. हुद्द्यांसकट दिलाय." शेठचा आवाज चढला नाही. "तुम्ही शिकलेले लोक. तोंडी बोलला असता तर मी ऐकून विसरलो असतो. आता हा कागद कोणाच्या हाती लागला तर मी काय सांगू? माझ्या दुकानात माझाच माल उसवतो म्हणून माणूस बसवलाय, असं?" त्यांनी अर्जाची घडी घातली आणि गादीखाली ठेवली. "मिस्त्री, मशीन आजच घेऊन जा. राग नाही. पण इथं नको."

चहा आला. तो कोणी प्यायला, कोणी प्यायला नाही. निरीक्षकांनी घसा साफ केला आणि एक गॉगल दाखवायला सांगितला. त्यांनी तो घेतलाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला. नंतर कळले की तिथून बाहेर पडण्याचा त्यांना दुसरा मार्ग सुचला नव्हता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा काका पायरीपर्यंत आले. माझ्याशी हलक्या आवाजात बोलले.

"सकाळी कबूल केलं होतं हो शेठनं. जिन्याखालची जागा देतो म्हणाला होता. संध्याकाळी मिस्त्रीला सांगायचं ठरलं होतं."

"तुम्ही आम्हाला सांगायचे होते," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं कुठं?"

ते आत गेले.

ग्रामसेवक म्हणाले, "मशीन न्यायचं कसं?" हा एकच उपयोगाचा प्रश्न त्या दुपारी आमच्यापैकी कोणी विचारला. यंत्राचे लोखंडी डोके मिस्त्रींनी खोलून वेगळे केले. पाय मारायच्या पायट्याचा सांगाडा ग्रामसेवकांनी आपल्या फटफटीच्या मागे आडवा बांधला. डोके माझ्या गाडीच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळून सुतळीने आवळले. मिस्त्री माझ्या मागे बसले आणि एक हात मागे नेऊन त्यांनी ते धरून ठेवले. बाकीचे चार जण आपापल्या रस्त्याने गेले होते. निरीक्षक आधीच निघाले होते.

बाजारातून स्टेशनपर्यंत अंतर थोडे आहे. मी पहिल्या गिअरमध्येच गाडी चालवली. वाटेत मी म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी झाली."

ते म्हणाले, "कागद चांगला लिवला होता साहेब. ऐकायला आलं मला मागं."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. ते तसे बोलणारे नव्हते.

पूर्णेची गाडी फलाटावर लागलेली होती. गार्डाने सांगाडा पाहून हरकत घेतली. ग्रामसेवक पुढे झाले. "ओ मामा, ह्ये मशीन तुमच्याच रेल्वेत शिकलंय. माहेरी चाललंय. घ्या की." गार्ड हसला नाही, पण त्याने सांगाडा डब्यात चढवू दिला. मिस्त्री यंत्राचे डोके मांडीवर घेऊन दारापाशी बसले. मी झिजलेला मोजा काढून पाहत उभा होतो. ते म्हणाले, "आणा हिकडं. घरी शिवून पाठवून देतो."

मी म्हणालो, "नको. उद्या फिरती आहे. थंडी आहे. हाताला काही तरी हवे."

"मग अंगठ्याजवळ दुहेरी दोरा घाला. न्हाई तर तिथनं जाईल."

गाडी सुटली. ग्रामसेवक सोनपेठला जायला निघाले. जाताना ते म्हणाले, "सायेब, आपण सात जणांनी मिळून एक माणूस उठवला. एकट्याला जमलं नसतं." त्यांनी किक मारली आणि ते गेले.

पुढे मला दोन बोटे रिकामी असलेले तयार मोजेच वापरावे लागले. रिकामी बोटे मी आत दुमडून टाके घालीत असे. ते टिकत नसत. मिस्त्री परभणीला पुन्हा आले नाहीत. पूर्णेत रेल्वेच्या वसाहतीत ते गाद्यांच्या खोळी शिवतात, असे दोन वर्षांनी एका रेल्वेवाल्याने सांगितले. मी त्यांना भेटायला गेलो नाही. जायला हवे होते.

त्या दिवशी पेडगावला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. गाडी दवाखान्याच्या पडवीत घेतली. यंत्राच्या वजनाने कॅरिअरचे मागचे दोन नट ढिले झाले होते. पाना आणला आणि ते दोन्ही आवळले.