आधी सामान

अकोल्याच्या स्टँडवर एसटीच्या टपावरचं सामान राजूरच्या जीपवर चढवणारा एक हमाल होता. कंडक्टर म्हणे, आमची जबाबदारी संपली. जीपवाला म्हणे, आमची अजून सुरू नाही. मधली सगळी याच्या डोक्यावर. माणसांकडे मात्र तो ढुंकून बघत नसे. म्हणायचा, "मानूस बोंबलत का हुईना, मागनं येतो. पेटी येत न्हाई."

पहिल्या दिवाळसणाला मी राजूरला सासरी निघालो. माझी पेटी चढवल्यावर जीप भरली. त्यानं मला खाली ठेवलं, सासऱ्यांचं घर विचारून घेतलं आणि स्वतः पेटीवर बसून गेला.

पुढच्या जीपनं मी पोचलो. पेटीला कुंकू लागलं होतं, त्याच्याही कपाळाला. करंजी खात तो सासूबाईंना म्हणाला, "घ्या, ऱ्हायलेलं सामान बी आलं."