चौबेजींची कपात सूचना

"आमदारांनी कबूल केलंय, यंदा मीटिंगमध्ये लिफ्टबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. फक्त त्यांची एक अट आहे, ती म्हणजे..."

एवढं ऐकलं आणि नेमका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. बोलत होते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वेंकटेशन, फोनवर, तमिळमध्ये. मी जिन्यात. कान लावून उभी होते असं कुणी म्हणेल, पण मी भाजीची पिशवी घेऊन दम खात होते. चेन्नईत बावीस वर्षं काढल्यावर तमिळ आपोआप कानात शिरतं, त्याला मी काय करणार? मिक्सर थांबला तेव्हा वेंकटेशन "सरी, सरी", म्हणजे "बरं, बरं", म्हणून फोन ठेवत होते.

आमच्या बिल्डिंगचे किस्से असेच साठत जातात. अर्धे जिन्यात मिळतात, उरलेले अर्धे मी लावते. आमचे हे म्हणतात, "रेल्वेत मी तीस वर्षं डबे जोडले, पण तुझ्याइतक्या वेगानं नाही."

*

आमदार म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले चौबेजी. उत्तरेतल्या एका डोंगराळ मतदारसंघातून तीनदा निवडून आले, चौथ्यांदा पडले. मग पत्नी गेल्या आणि सिरुसेरीला आयटीत असलेली त्यांची मुलगी ऋचा त्यांना इकडे घेऊन आली.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला ते गेटजवळच्या बाकावर कडक इस्त्रीचा कुर्ता घालून बसलेले. मी विचारलं, "कुणाची वाट बघताय का?"

"नाही भाभीजी. ही माझी लोकांना भेटायची वेळ आहे."

"पण इथं तुम्हाला कोण ओळखतं?"

"वेळ पाळली की लोक येतात."

आले की हो! आधी आमचा वॉचमन आला, तो तिकडचाच. मग शेजारच्या बांधकामावरचे मजूर. कुणाचं आधार कार्ड अडलेलं, कुणाच्या गावचं रेशन बंद झालेलं. महिन्याभरात त्या बाकासमोर रांग लागायला लागली आणि वेंकटेशननी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावली, "बाक फक्त रहिवाशांसाठी आहे." चौबेजींनी नोटीस वाचली, घरून स्वतःची खुर्ची आणली आणि बाकावर मजुरांना बसवलं. वेंकटेशन काही बोलायच्या आत म्हणाले, "मी रहिवासी आहे आणि हे माझे पाहुणे आहेत. आता कुणी कुठं बसायचं ते आम्ही आपसात ठरवू."

*

गल्लीतल्या गटाराचं झाकण फुटलं होतं. चौबेजी मला दुभाषी म्हणून वॉर्ड ऑफिसात घेऊन गेले. क्लार्क म्हणाला, साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला स्वयंपाक आहे, मी नाही येत."

ते एकटेच गेले. तमिळचा एक शब्द येत नाही, क्लार्कला हिंदी येत नाही. तरी दुपारी गाडी आली, नवं झाकण बसलं.

"तुम्ही त्याला सांगितलं तरी काय?"

"काहीच नाही. त्याच्या टेबलासमोर बसून राहिलो. पंधरा वर्षं लोक माझ्या दारात असे बसत होते. कुठल्या प्रकारचं बसणं सहन होत नाही, ते मला चांगलं माहीत आहे."

*

आता लिफ्टचं. आमची बिल्डिंग जुनी, तळमजला आणि वर तीन मजले. तिसऱ्या मजल्यावर राधाबाई राहतात. त्या तंजावरच्या मराठी. पिढ्यान्पिढ्या इकडेच, त्यामुळे त्यांची मराठी आपल्याला अर्धी कळते आणि अर्धी गोड वाटते. गुडघे गेलेत. "खाले येऊन आठ मास झाले, मंगला," म्हणाल्या मला. मैलापूरच्या देवळाचा रथ दरवर्षी बघायच्या, तोही चुकला.

त्यांच्या मुलानं हैदराबादहून स्पष्ट सांगितलंय. यंदा लिफ्ट मंजूर झाली तर ठीक, नाहीतर फ्लॅट विकायचा आणि आईनं त्याच्याकडे जायचं.  राधाबाई मला म्हणाल्या, "तिथं माझ्याशी कोण बोलेल? इथं तू तरी चौकश्या करायला येतेस."

लिफ्टला विरोध तळमजल्याचा, म्हणजे मुख्यतः वेंकटेशनचा. "आम्ही लिफ्टनं जायचं कुठं, जमिनीखाली?" हे त्यांचं दर मीटिंगचं वाक्य. त्यावर तळमजला दर वर्षी हसतो.

*

चौबेजींचं नाव गाजलं होतं ते विधानसभेत, बजेटच्या चर्चेत. हा किस्सा त्यांनी स्वतः सांगितला, आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी खाताना.

त्यांच्या भागातल्या दवाखान्यात एक्सरे मशीन आलं. कागदावर चालू होतं. प्रत्यक्षात खोलीचं दार लहान, म्हणून मशीन व्हरांड्यात, आणि त्यावर डॉक्टरांची स्कूटर झाकायचं कापड. चौबेजींनी सभागृहात कपात सूचना दिली: आरोग्य खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा. तिथली ही जुनी रीत आहे. शंभर रुपये वाचवायचे नसतात. त्या निमित्तानं तक्रारीवर बोलायला मिळतं आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

मंत्री हसून म्हणाले, "शंभर रुपये माझ्या खिशातून देतो, खाली बसा."

चौबेजी म्हणाले, "दार तेवढं तुमच्या खिशातून रुंद करा, लगेच बसतो."

बसले नाहीत. बोलतच राहिले. महिनाभरात भिंत फोडून मशीन आत गेलं. "आणि स्कूटर?" आमच्या ह्यांनी विचारलं. चौबेजी म्हणाले, "ती उन्हात. डॉक्टर पुढच्या निवडणुकीत माझ्या विरोधात होते."

*

गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी तोच डाव टाकला. मीटिंग नेहमीसारखी खाली पार्किंगमध्ये. वेंकटेशन बजेट वाचत होते. रंगकामाचं कलम आलं तसे चौबेजी उभे राहिले आणि गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, "मी या कलमातून शंभर रुपये कपात सुचवतो."

त्यांचा बेत असा, की "का?" म्हणून कुणी तरी विचारेल. मग ते राधाबाईंच्या गुडघ्यांपासून सुरू करणार. चांगली चार पानं लिहून आणली होती.

पण वेंकटेशन पडले बँकेतले. त्यांनी पेन काढलं, शंभर रुपये कापले, खाली सही केली आणि म्हणाले, "उत्तम सूचना. मंजूर आहे का?"

सगळ्यांचे हात वर. माझासुद्धा. शंभर रुपये वाचत होते ना!

चौबेजी चार पानं हातात घेऊन उभेच. वेंकटेशन पुढच्या कलमावर गेलेसुद्धा.

जिना चढताना ते मला म्हणाले, "भाभीजी, पंधरा वर्षांत माझी एकही कपात सूचना मंजूर झाली नाही. झाली असती तर सरकार पडलं असतं. आज पहिल्यांदा झाली आणि मीच पडलो."

*

म्हणूनच यंदा जिन्यात ते फोनवरचं बोलणं ऐकलं आणि मी लगेच डबे जोडायला घेतले. चौबेजी गप्प बसणार, आणि बदल्यात काही तरी घेणार. काय घेणार? माणूस राजकारणातला. अध्यक्षपद, दुसरं काय? संध्याकाळपर्यंत मी हे फक्त तिघींना सांगितलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून.

सकाळी चौबेजी दारात. "भाभीजी, मी अध्यक्ष होतोय असं ऐकलं. शपथविधी कधी आहे? कुर्ता धुवायला टाकायचा होता."

मी चहा ठेवायला आत पळाले. चहा देताना धीर करून विचारलंच, "पण तुम्ही लिफ्टबद्दल बोलणार नाही, हे तरी खोटं ना?"

"ते खरं आहे," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

राधाबाईंना हे कसं सांगायचं मला कळेना. शेवटी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं मग. भांडी कुणाकुणाला द्यायची ते बघायला हवं."

*

मीटिंगची नोटीस लागली. वेळ रविवार, दुपारी चार. जागा: तिसरा मजला, राधाबाईंच्या दारासमोरचा पॅसेज. कारण लिहिलं होतं, "ज्येष्ठ सभासदाला हजर राहता यावं म्हणून." याला नाही कोण म्हणणार?

रविवारी आम्ही आधी पोचलो. राधाबाई चापूनचोपून नऊवारी नेसून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मग तळमजला एकेक करत वर आला. एक जण दुसऱ्या मजल्यावर बसून आला. दुसऱ्याला धरून आणलं. सर्वांत शेवटी वेंकटेशन, बगलेत रजिस्टर, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी भिंत धरली, रजिस्टर उघडलं, खिसे चाचपले.

"चष्मा," म्हणाले. "खाली टेबलावर राहिला."

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. कुणी हललं नाही. चौबेजी ग्रिलमधून समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघत होते.

राधाबाईंनी ताकाचा पेला पुढे केला. वेंकटेशननी तो एका दमात संपवला, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "बजेट नंतर वाचू. आधी लिफ्टचं घेऊ."

हात वर झाले. वेंकटेशनचा एकच झाला, कारण दुसऱ्या हातानं त्यांनी अजून भिंत धरलेली होती. राधाबाईंनी आधी आपला हात वर केला, मग माझाही धरून वर केला.

उतरताना आमच्या ह्यांना राहवलं नाही. "चौबेजी, तुम्ही खरंच एक शब्द बोलला नाहीत. फक्त मीटिंगची जागा तेवढी मागून घेतलीत."

"कसा बोलणार?" ते म्हणाले. "सेक्रेटरीसाहेबांना वचन दिलं होतं."