मागची खोली कोणाला?

हॉटेल निवडताना मी चुकलो नाही. चुकलो चाव्या वाटताना, आणि तेही विचार करून, थंड डोक्याने.

श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांमधला तो जुना बंगला. व्हरांड्यात सातपूरच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे डीलर आणि त्यांच्या बायका सरबत पीत बसल्या होत्या. मी एकेक नाव घेत होतो आणि चावी हातात देत होतो. "भोयेदादा, ही तुमची." सुरगाण्याचे मनोहर भोये हसत पुढे आले. "थँक्यू साहेब," म्हणाले आणि बायकोला घेऊन खोलीकडे गेले. ती खोली स्वयंपाकघराच्या मागे आहे आणि तिची खिडकी चादरी वाळत घालायच्या अंगणात उघडते, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

मी नाशिकला कंपन्यांच्या सहली काढतो. या सहलींना आम्ही इन्सेन्टिव्ह टूर म्हणतो. डीलरने वर्षाचं टार्गेट पूर्ण केलं की कंपनी त्याला जोडीने फिरायला नेते. डीलरला एक पैसा पडत नाही, पण कमाई त्याचीच असते. म्हणून तो खोलीकडे, बसच्या सीटकडे, ताटाकडे फार बारकाईने बघतो. आपल्याला कंपनीत काय किंमत आहे, ते तो त्यावरून ताडतो.

कंपनीचे सेल्स हेड शिरसाठ साहेब मला म्हणाले होते, "दिलीपराव, मागच्या वेळचं वीस मजली खोकं नको. लोक म्हणाले, हे तर मुंबई नाक्यावरच्या हॉटेलसारखंच आहे. या वेळी काहीतरी जिवंत बघा. उंची, पण जिवंत."

मी स्वतः जाऊन पाहणी केली. मी लॉबी बघत नाही. सगळ्यात लांबच्या खोलीत गरम पाणी किती वेळाने येतं ते बघतो. स्वयंपाकघरात जाऊन विचारतो, पहाटे साडेपाचला चहा द्याल का? कारण आपली माणसं परदेशात गेली तरी पहाटेच उठतात. चार हॉटेलं नाकारली. हा बंगला पाहिला आणि शोध संपला. लाकडी जिना, दगडी शेकोट्या, खिडकीतून थेट खाली उतरत गेलेला चहा. आचारी म्हणाला, चहा पाचलाच देतो, आणि मिरचीचा ठेचा कसा करतात तेवढं दाखवा. मी तिथेच बुकिंग केलं. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

फक्त एक अडचण होती. अशा जुन्या हॉटेलात खोल्या मोजक्या असतात आणि एकीसारखी दुसरी नसते. एकीला बाल्कनी, दुसरीला शेकोटी. शेवटच्या दोन खोल्या मागच्या बाजूला. एरवी ग्रुपमध्ये सगळ्यांना सारखीच खोली द्यायची, हा आमच्या धंद्यातला न लिहिलेला नियम. ते जमत नसेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या. स्टीलच्या डब्यातून ज्याने त्याने आपली चिठ्ठी उचलली की कोणी तक्रार करत नाही.

मी तसं शिरसाठांना सांगितलं. ते म्हणाले, "चिठ्ठीत देवळ्याचे आहेर अण्णा मागे गेले तर? सगळ्यात जास्त पंप त्यांचे जातात. चिठ्ठ्या नकोत. जो बोंब मारणार नाही त्याला द्या मागची खोली."

"दोन आहेत."

"एक तुम्ही घ्या."

एक मी घेतली, आणि तेवढ्यावर माझं मन साफ झालं. दुसरीसाठी मला फार वेळ लागला नाही. भोये पहिल्यांदाच आले होते, मवाळ बोलायचे. डोंगराकडचा माणूस, घरच्यापेक्षा ही खोली बरीच असेल, असं मी मनात म्हटलं. त्यांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी एक गोष्ट मात्र विसरलो. आपल्या बायका सामान ठेवलं की खोलीत बसत नाहीत. एकमेकींच्या खोल्या बघायला निघतात, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. "तुमची बघू," "या ना, आमची बघा." दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांनी सगळ्यांच्या खोल्या पाहिल्या होत्या. फक्त भोयेवहिनींनी दार अर्धंच उघडलं आणि सांगितलं, सामान पसरलंय, नंतर या.

चहाच्या थोडं आधी भोये मला बागेत गाठून म्हणाले, "साहेब, एक इचारू? खोली वाईट नाय. झोपायलाच तर जायचं. पण बायको म्हणते, आपल्यालाच का? चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?"

मी म्हणालो, "हो. ऑफिसात टाकल्या."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग बोलणंच संपलं. चिठ्ठीत निघाली तर कोणाला काय म्हणणार? तिला सांगतो."

ते जवळजवळ पळतच गेले. मला तेव्हाच थांबवता आलं असतं. मी ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशीची वेळ सांगायला निघून गेलो.

चहाला सगळे जमले. भोयेवहिनीही आल्या, आता मोकळेपणी बोलत होत्या. आहेर अण्णांच्या बायकोने विचारलं, "झालं का आवरून? येऊ का बघायला?"

"या की," वहिनी हसल्या. "पण आमची मागची हाय हां. चिठ्ठीत आमचं नशीब कच्चं निघालं."

आहेर अण्णा बिस्किट बुडवता बुडवता थांबले. मोठ्या आवाजाचा माणूस. "कसली चिठ्ठी? आपण तर नाय उचलली. आपली खोली तर शिरसाठ साहेबांनी सातपूरलाच सांगितली होती, बाल्कनीवाली. काय हो दिलीपभाऊ, चिठ्ठी कधी टाकली?"

मी म्हणालो, "ते हॉटेलवाल्यांनी जरा मागेपुढे केलं." दुसरं खोटं. भोयेंनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "चल." त्या संध्याकाळी नव्या डीलरांचा सत्कार होता. त्यात भोयेंचं नाव होतं. दोघं आलेच नाहीत.

शिरसाठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "एखादी चांगली गिफ्ट द्या खोलीवर पाठवून. विषय वाढवू नका."

मी गिफ्ट न घेता गेलो. दार वहिनींनी उघडलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. हॉटेलवाल्यांचाही दोष नाही. तुम्ही बोलणार नाही असं वाटलं, म्हणून ही खोली मी तुम्हाला दिली. माझं चुकलं. दुसरी खोली रिकामी नाही, पण उद्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकतो."

भोये खाली बघत म्हणाले, "जाऊ द्या साहेब."

"का जाऊ द्या?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी साड्या लावल्यात कपाटात, मला नाय बदलायची खोली. पण चारचौघींत मी म्हटलं, माझं नशीब कच्चं. नशीब कुठं होतं त्यात? तुमी इथं दारात सांगून मोकळे होणार, आणि त्या बाया मलाच खोटारडी समजणार. जिथं झालं तिथं सांगा."

लोक मला विचारतात, त्या कंपनीचं काम नंतर राहिलं का? एक वर्ष हातातून गेलं, मग परत आलं. शिरसाठ काही महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत. जुन्या, देखण्या हॉटेलांवरचा माझा विश्वास अजून पक्का आहे आणि ग्रुपला मी तीच सुचवतो. पण चिठ्ठ्यांचा डबा बसमध्ये सगळ्यांसमोर फिरतो, आणि सेल्स हेडलाही त्यात हात घालावा लागतो. जो माणूस तक्रार करत नाही, त्याचं नाव मी यादीत आधी तपासतो. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी चुकलेलं असतं.

त्या बंगल्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सगळे बसले होते. आचाऱ्याने ठेचा केला होता, तो सगळ्यांकडे फिरत होता. शिरसाठांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. मी उभा राहिलो आणि भोयेवहिनींकडे बघून बोललो.

"काल मी या दोघांशी खोटं बोललो, आणि मग तुम्हा सगळ्यांशी. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. मागची खोली कोणाला द्यायची ते मी ठरवलं, आणि हे गप्प बसतील असं समजून यांना दिली. वहिनी जे बोलल्या ते माझ्या सांगण्यावरून बोलल्या. वहिनी, भोयेदादा, मी तुमची माफी मागतो."