मूठभर जास्तीचं मीठ

बहात्तरच्या दुष्काळानंतर कराडच्या बाजारात खडेमीठ विकणारा तो माणूस मला लबाडच वाटायचा. "घरात ल्हान पोर हाय?" असं तो प्रत्येकाला विचारायचा आणि कुणी हो म्हटलं की मापावर एक मूठ जास्त घालायचा. फुकट कोण देतं हो? पेशीत क्षार असतात, हे पोरांकडून घोकून घेणारा मी मास्तर. त्याचं मीठ शाळेत पाण्यात विरघळवून गाळलं. वाळूचा कण निघाला नाही. संशय उलट वाढलाच.

शेवटी विचारलं, "ही मूठ कशाची?"

त्यानं मापटं खाली ठेवलं.

"आमची पोर हगवनीनं गेली, गुरुजी. डाक्टर म्हनला, तिच्या अंगातलं पानी अन् मीठ सरलं." त्यानं पोत्यावर हात ठेवला. "तवा घरात असली सात पोती व्हती."